ट्रेसी चॅपमन : ‘फास्ट कार’नंतरचे सात अल्बम

४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. मंचावर दिवा लागला तो गिटारच्या तारांवर फिरणाऱ्या बोटांवर. कॅमेरा वर सरकला आणि सभागृहात एकच जल्लोष झाला. पांढरे होत चाललेले केस, काळा शर्ट, चेहऱ्यावर संकोचलेले हसू. एकोणसाठ वर्षांच्या ट्रेसी चॅपमन अनेक वर्षांनी अशा मोठ्या मंचावर उभ्या होत्या. सोबत होते कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स. गाणे होते ‘फास्ट कार’, १९८८ सालचे. सोहळा संपण्याआधीच लोक ते विकत घेऊ लागले आणि छत्तीस वर्षे जुने गाणे आयट्यून्सच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले.

त्यानंतरचे काही दिवस चॅपमन यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक लेखांची मांडणी एकच होती : १९८८ साली एक अद्भुत अल्बम आला, मग ही गायिका हळूहळू दिसेनाशी झाली आणि आता परत आली. ही मांडणी चुकीची आहे. पहिल्या अल्बमनंतर त्यांनी वीस वर्षांत आणखी सात अल्बम केले. त्यातल्या एकाच्या अमेरिकेत ५० लाख प्रती गेल्या. दुसऱ्या एका अल्बममध्ये अमेरिकेच्या इतिहासावर असे गाणे आहे, जे पहिल्या अल्बममधल्या कोणत्याही गाण्यापेक्षा अधिक धारदार आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सर्वकालीन ५०० अल्बमच्या यादीत मात्र त्यांचा पहिलाच अल्बम आहे, नंतरचा एकही नाही.

हे सातही अल्बम पहिल्याच्या तोडीचे आहेत, असा दावा या लेखात नाही. काही खरोखर कमी पडतात. पण ‘पहिल्यानंतर घसरण’ हा निकाल न ऐकताच दिला गेला, असे माझे मत आहे.

क्लीव्हलँड ते वेम्बली

ट्रेसी चॅपमन यांचा जन्म ३० मार्च १९६४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. आईवडील वेगळे झाल्यावर आईनेच मुलींना वाढवले. घरात पैशांची ओढाताण होती, तरी आईने लहानग्या ट्रेसीला युकुलेली हे छोटे तंतुवाद्य घेऊन दिले. आठव्या वर्षी हातात गिटार आली. ‘अ बेटर चान्स’ ही संस्था हुशार कृष्णवर्णीय मुलांना चांगल्या निवासी शाळांत प्रवेश मिळवून देते. तिच्या मदतीने ट्रेसी कनेटिकट राज्यातील वूस्टर स्कूलमध्ये पोहोचल्या. श्रीमंत घरांतली, बहुतेक गोरी मुले आणि त्यांत शिष्यवृत्तीवर आलेली ही मुलगी. ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’ हे गाणे त्यांनी याच वयात लिहिले.

पुढे टफ्ट्स विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्र घेऊन १९८७ मध्ये पदवी मिळवली. शिकत असताना त्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये आणि बॉस्टनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर गात. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध विद्यापीठात आंदोलन सुरू होते. त्याच्या तयारीत असलेल्या ब्रायन कॉपेलमन या विद्यार्थ्याने त्यांचे गाणे ऐकले. त्याचे वडील संगीत प्रकाशनाच्या व्यवसायात होते. त्यांच्यामार्फत ‘इलेक्ट्रा’ कंपनीशी करार झाला आणि एप्रिल १९८८ मध्ये ‘ट्रेसी चॅपमन’ हा पहिला अल्बम आला. निर्माते होते डेव्हिड कर्शनबॉम.

सिंथेसायझरच्या त्या काळात एक गिटार, एक खोल आवाज आणि मागे मोजकीच वाद्ये. ‘फास्ट कार’मधली मुलगी दारुड्या बापाला सांभाळण्यासाठी शाळा सोडते, दुकानात गल्ल्यावर नोकरी करते, प्रियकरासोबत शहर सोडते आणि काही वर्षांनी तोही तिच्या बापासारखाच झालेला असतो. ‘बिहाइंड द वॉल’मध्ये एकही वाद्य नाही. भिंतीपलीकडे बाईला होणारी मारहाण ऐकणारा शेजार आणि उशिरा येणारे, आले तरी काही न करणारे पोलीस, एवढेच त्यात आहे.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. चॅपमन यांचे छोटे सादरीकरण आधीच होऊन गेले होते. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना आणि ते मंचावर न जाताच परतू लागले. मोकळी वेळ भरायला कोण? आयोजकांनी चॅपमन यांना पुन्हा पाठवले. एकटी मुलगी, एक गिटार आणि समोर स्टेडियमभर माणसे. अनेक देशांत हे थेट दिसत होते. त्यानंतर अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी मिळाले.

त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाल्याबद्दल ‘ह्युमन राइट्स नाऊ’ हा जागतिक दौरा काढला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचे यूसू एन्दूर आणि चॅपमन त्यात होते. ३० सप्टेंबर १९८८ रोजी हा दौरा नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला होता. म्हणजे पहिला अल्बम येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्या भारतात गाऊन गेल्या. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नाही.

‘क्रॉसरोड्स’ : घाईत मोडीत काढलेला अल्बम

दुसरा अल्बम ऑक्टोबर १९८९ मध्ये आला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत नवव्या. दुसऱ्या कुणासाठी हे घवघवीत यश ठरले असते. इथे त्याला उतरण म्हटले गेले, कारण तुलना जगभर दोन कोटींच्या घरात विकल्या गेलेल्या पहिल्या अल्बमशी होती. समीक्षकांचा सूर साधारण असा होता, की हे पहिल्याचेच पुढचे पान आहे, नवीन काही नाही.

पण नीट ऐकले तर फरक लगेच लक्षात येतो. पहिल्या अल्बममध्ये चॅपमन इतरांच्या गोष्टी सांगतात. ‘क्रॉसरोड्स’मध्ये त्या अनेकदा स्वतःच्या बाजूने बोलतात आणि आवाजात राग आहे. ब्लूज संगीतात चौरस्त्याची दंतकथा प्रसिद्ध आहे : मध्यरात्री चौकात जाऊन सैतानाला आत्मा विकायचा आणि बदल्यात कला घ्यायची. एका वर्षात जगप्रसिद्ध झालेली पंचविशीतली मुलगी आपल्या दुसऱ्या अल्बमला हेच नाव देते. शीर्षकगीतात ती ज्यांना तिच्यावर मालकी हवी आहे, त्या सगळ्यांना नकार देते. शेवटच्या ‘ऑल दॅट यू हॅव इज युवर सोल’ या गाण्यात आई मुलीला चकाकणाऱ्या गोष्टींपासून सावध करते. त्यात नील यंग यांची साथ आहे. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे विषय एकच : मी विकली जाणार नाही.

‘सबसिटी’मध्ये शहराच्या तळाशी, इतरांनी फेकलेल्यावर जगणारी व्यक्ती थेट राष्ट्राध्यक्षांना निरोप पाठवते. ‘फ्रीडम नाऊ’ हे गाणे मंडेलांसाठी आहे. अल्बम आला तेव्हा ते कैदेतच होते. चार महिन्यांनी, ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले. एप्रिलमध्ये वेम्बलीला पुन्हा कार्यक्रम झाला. या वेळी मंडेला स्वतः हजर होते आणि चॅपमनही गायल्या. पहिला अल्बम बाजूला ठेवून कुणी ‘क्रॉसरोड्स’ ऐकला, तर तो दुय्यम वाटणार नाही, असे मला वाटते.

१९९२ : खरोखर फसलेला प्रयोग, एक गाणे सोडून

‘मॅटर्स ऑफ द हार्ट’ अमेरिकेत ५३ व्या क्रमांकापुढे गेला नाही. याचा बचाव करणे अवघड आहे. गाणी लांबली आहेत, गती एकसारखी आहे आणि ‘शॉर्ट सप्लाय’सारख्या पर्यावरणावरच्या गाण्यात मुद्दा आधी येतो, गाणे मागून. पहिल्या अल्बममधली माणसे इथे कमी दिसतात, त्यांच्या जागी विधाने येतात. ‘वुमन्स वर्क’ हे बाईच्या न संपणाऱ्या कामावरचे छोटे गाणे मात्र सुंदर आहे. आणखी थोडे हवे होते असे वाटत असतानाच ते संपते.

पण ‘बँग बँग बँग’ या गाण्याची वेगळी नोंद घ्यायला हवी. वस्तीत बंदुका आणि नशा पोहोचवायची, मुलाला त्यात वाढू द्यायचे आणि त्याने बंदूक तुमच्याकडे वळवली की आश्चर्य व्यक्त करायचे, असा त्याचा आशय आहे. हा अल्बम एप्रिल १९९२ च्या अखेरच्या आठवड्यात आला. २९ एप्रिल रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांच्या सुटकेचा निकाल लागला आणि लॉस एंजेलिस पेटले. तरीही या गाण्याकडे फारसे कुणी वळले नाही. तोवर अमेरिकेच्या वस्त्यांचा आवाज म्हणजे रॅप, हे ठरून गेले होते. गिटार घेऊन गाणारी कृष्णवर्णीय स्त्री त्या चौकटीत बसत नव्हती. गोऱ्यांच्या रॉक रेडिओला ती फार संथ वाटे, तर काळ्यांच्या रेडिओवर तिची गाणी पहिल्या अल्बमपासूनच कमी लागत.

‘न्यू बिगिनिंग’ : घसरणीच्या गोष्टीत न बसणारा अल्बम

‘चॅपमन म्हणजे एकच गाणे’ असे मानणाऱ्यांना नोव्हेंबर १९९५ चा हा अल्बम समोर ठेवावा. तो अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. पहिल्या अल्बमचा अमेरिकेतील प्रमाणित आकडा ६० लाख आहे, याचा ५० लाख. त्यातले ‘गिव्ह मी वन रीझन’ हे गाणे अमेरिकी यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. ‘फास्ट कार’ १९८८ साली सहाव्या क्रमांकावरच थांबले होते. म्हणजे क्रमांकाच्या हिशेबाने गायिका म्हणून त्यांचे सर्वांत यशस्वी गाणे ‘फास्ट कार’ नव्हे, हे आहे. १९९७ मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक गाण्याचा ग्रॅमी मिळाला.

गाणे अगदी साधे आहे. बारा पट्ट्यांचा (बारचा) जुना ब्लूजचा साचा, थांबायला एक कारण दे असे म्हणणारी स्त्री आणि ते कारण मिळणार नाही हे तिला ठाऊक असल्याचे सांगणारी गिटार. यात सामाजिक संदेश नाही. १९८९ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या हे गाणे गायल्या होत्या. सहा वर्षांनी ते ध्वनिमुद्रित झाले. घाई नाही, हा त्यांचा स्वभाव इथेही दिसतो.

मला या अल्बममध्ये अधिक महत्त्वाचे वाटते ते ‘द प्रॉमिस’. वाट पाहण्यावरचे इतके शांत गाणे त्या काळात दुसरे आठवत नाही. उलट, पृथ्वीच्या लुटीवरचे ‘द रेप ऑफ द वर्ल्ड’ १९९२ च्याच वळणाचे आहे. आशय पटतो, पण ते सभेतल्या भाषणासारखे चालते.

एवढे यश मिळवलेल्या अल्बमचा उल्लेख २०२४ च्या लेखांत का नसावा? माझा तर्क असा. पहिल्या अल्बममध्ये लोकांना एक गरीब, कृष्णवर्णीय मुलगी आपल्या जगाची वेदना सांगताना दिसली. त्या वेदनेबद्दल हळहळ वाटून घेणे सोपे होते. प्रेमावर, मृत्यूवर, एकटेपणावर गाणारी प्रौढ कलावंत त्यांना नको होती. ती प्रेमगीत गायली तर ‘धार गेली’ आणि राजकीय गायली तर ‘उपदेश करते’. पहिले आत्मकथन डोक्यावर घ्यायचे आणि त्याच लेखकाची पुढची पुस्तके उघडायचीही नाहीत, ही रीत मराठी वाचकाला नवी नाही.

२००० नंतर

फेब्रुवारी २००० मधल्या ‘टेलिंग स्टोरीज’साठी चॅपमन पुन्हा कर्शनबॉम यांच्याकडे गेल्या. नात्यात सांगितल्या जाणाऱ्या खोट्या गोष्टींवरचे शीर्षकगीत नेमके आहे. पैसा म्हणजे शेवटी कागद आणि शाई, असे सांगणारे ‘पेपर अँड इंक’ही लक्षात राहते. बाकी अल्बम नीटनेटका आहे, त्याहून जास्त नाही.

ऑक्टोबर २००२ चा ‘लेट इट रेन’ वेगळा निघाला. निर्माते जॉन पॅरिश. इंग्लंडच्या पी. जे. हार्वे यांच्यासोबतच्या कामामुळे ते ओळखले जातात. त्यांनी वाद्ये कमी केली, आवाज जवळ आणला, मोकळ्या जागा सोडल्या. ‘से हॅलेलूया’ हे अंत्ययात्रेचे गाणे आहे, पण टाळ्या वाजवत म्हणायचे. कृष्णवर्णीय चर्चमध्ये मृत्यूला निरोप देण्याची जी परंपरा आहे, तिच्यातून ते आले आहे.

आणि सप्टेंबर २००५ चा ‘व्हेअर यू लिव्ह’. सातांपैकी एकच ऐकायचा असेल, तर हा ऐकावा. सहनिर्माते चाड ब्लेक यांनी आवाजाला खरखरीत, लाकडासारखा पोत दिला आहे. काही गाण्यांत रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्ली यांचे बास गिटार आहे. ‘३,००० माइल्स’मध्ये रस्त्यावर एकट्याने चालायला भिणाऱ्या मुली आहेत आणि त्या गावापासून तीन हजार मैल दूर गेलेली स्त्री. भीती मात्र तिच्याबरोबर आलेली आहे. ‘फास्ट कार’मधली मुलगी एकटीच निघून गेली असती तर तिचे पुढे काय झाले असते, याचे उत्तर या गाण्यात आहे असे मला नेहमी वाटते. चॅपमन यांनी तसे कुठे म्हटलेले नाही. हे ऐकणाऱ्याचे जोडणे आहे.

याच अल्बममध्ये ‘अमेरिका’ आहे. हे गाणे देशाला उद्देशून आहे. वाट चुकून किनाऱ्याला लागलेले लोक, त्यांनी मूळ रहिवाशांना दिलेले रोग, तोंडी शांततेची भाषा आणि हातात युद्ध, आणि हे सगळे अजून थांबलेले नाही असा ठपका. इराक युद्धाच्या तिसऱ्या वर्षी हे गाणे आले. पहिल्या अल्बमवर प्रेम करणाऱ्या श्रोत्यांना तिथे दुःखी माणसे दिसली होती. इथे आरोपीचे नाव घेतलेले आहे. ढोल आणि गिटार एकाच हट्टी ठोक्यावर पुढे सरकतात, आवाज चढत नाही. माझ्या मते त्यांच्या राजकीय गाण्यांत हे सर्वांत परिपक्व आहे, कारण १९९२ आणि १९९५ च्या गाण्यांत जे भाषण वाटत होते ते इथे गाणे झाले आहे. ते फारसे कुणी ऐकले नाही.

शेवटचा अल्बम ‘अवर ब्राइट फ्यूचर’ ११ नोव्हेंबर २००८ रोजी आला. एकच आठवडा आधी बराक ओबामा निवडून आले होते. ‘आपले उज्ज्वल भविष्य’ हे नाव पाहून तो आनंदाचा अल्बम वाटावा, असाच तो क्षण होता. प्रत्यक्षात शीर्षकगीत आशेचे नाही. पुढे नेतो असे सांगून ज्यांना भलत्याच वाटेला लावले, त्या पिढीचे ते गाणे आहे. ‘समथिंग टू सी’मध्ये युद्ध नसलेल्या जगाची कल्पना आहे. सहनिर्माते लॅरी क्लाइन यांचे काम गुळगुळीत आहे, ‘व्हेअर यू लिव्ह’ची खरखर इथे नाही. तरी ‘सिंग फॉर यू’ हे साधे, जुन्या आठवणींचे गाणे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते. अल्बमला ग्रॅमी नामांकन मिळाले. त्यानंतर आजपर्यंत त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम आलेला नाही.

गाणे कुणाच्या मालकीचे

पुढची हकिकत गाण्यांपेक्षा हक्कांची आहे. चॅपमन यांनी आपली गाणी एकटीने लिहिली आणि त्यांवरचा हक्क सांभाळला. २०१८ मध्ये त्यांनी रॅप गायिका निकी मिनाज यांच्यावर दावा लावला. ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ या पहिल्या अल्बममधल्या गाण्याचा वापर परवानगी नाकारल्यानंतरही झाला आणि ते नवे गाणे रेडिओपर्यंत पोहोचले, असा आक्षेप होता. प्रकरण साडेचार लाख डॉलर देऊन मिटले.

२०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स यांनी ‘फास्ट कार’ जवळपास जसेच्या तसे गायले. गल्ल्यावर काम करणाऱ्या मुलीचे शब्दही त्यांनी बदलले नाहीत. ते अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, मूळ गाण्याच्या चार पायऱ्या वर. कंट्री रेडिओच्या यादीत ते पहिले आले, आणि एकटीने लिहिलेले गाणे त्या जागी पोहोचवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणून चॅपमन यांची नोंद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ हा गीतकाराला दिला जाणारा पुरस्कार त्यांना मिळाला. तोपर्यंत हा पुरस्कार एकाही कृष्णवर्णीय गीतकाराला मिळालेला नव्हता. हे घडायला गोऱ्या पुरुषाचा आवाज लागला, ही टीका तेव्हा झाली आणि ती खोटी नाही. मात्र पुरस्कार आणि गीतकाराचे मानधन चॅपमन यांच्याच नावावर जमा झाले, हेही तितकेच खरे.

या सगळ्यात पुन्हा एकदा तेच एक गाणे आणि तोच एक अल्बम उजळून निघाला. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या अल्बमची नवी रेकॉर्ड बाजारात आली, त्यालाही चांगली मागणी होती. ज्यांना पुढचे ऐकायचे आहे त्यांनी काळाच्या क्रमाने जाऊ नये, तसे गेल्यास १९९२ ला अडकायला होते. आधी ‘व्हेअर यू लिव्ह’ पूर्ण, मग ‘क्रॉसरोड्स’, मग ‘न्यू बिगिनिंग’मधली ‘द प्रॉमिस’ आणि ‘गिव्ह मी वन रीझन’, ‘लेट इट रेन’मधले ‘से हॅलेलूया’ आणि शेवटी ‘बँग बँग बँग’. हे सारे ऐकायला दोन तासही लागत नाहीत.